गजकर्ण, चिखल्या आणि नखांची बुरशी: औषध कोणते, कसे आणि किती दिवस

जांघेतल्या गजकर्णावर योग्य मलम लावायला सुरुवात केली की चार-पाच दिवसांत खाज थांबते, लाल कड फिकी पडते आणि ट्यूब कपाटात जाऊन पडते. पुढच्या महिन्यात त्याच जागी, पूर्वीपेक्षा थोडे मोठे वर्तुळ उमटते आणि औषधातच दम नव्हता असे आपण ठरवून टाकतो. बहुतेक वेळा दोष औषधाचा नसतो. ही बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात राहते आणि तिथल्या केराटिन या प्रथिनावर जगते. खाज आणि लाली ही तिच्याविरुद्ध शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. बुरशी कमी झाली की ही प्रतिक्रिया शमते, पण त्या थरात अडकलेले उरलेसुरले तंतू जिवंतच असतात, आणि तो थर झडून त्या जागी नवा यायला काही आठवडे जावे लागतात. खाज थांबणे आणि आजार बरा होणे यांत म्हणूनच दोन ते तीन आठवड्यांचे अंतर असते, आणि उपचार फसतात ते बहुधा याच अंतरात.

आधी ती बुरशीच आहे ना, याची खात्री करावी

गजकर्णाचा चट्टा ओळखायचा तर त्याची कड नीट पाहावी. कड किंचित उंच, लालसर आणि पापुद्रे सुटणारी असते, तर मधला भाग त्या मानाने निवळलेला दिसतो, कारण बुरशी मधून बाहेर पसरत जाते आणि तिचा खरा मुक्काम नेहमी कडेवर असतो. इसबाच्या चट्ट्याला अशी रेखीव कड सहसा नसते. सोरायसिसच्या चट्ट्यावर जाड, चंदेरी खपल्या सर्वत्र सारख्या असतात. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुरळ उठवणारी, घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी होणारी खाज बहुधा खरजेची असते, आणि खरूज हा किड्यामुळे होणारा आजार असल्याने तिथे बुरशीचे मलम काहीच करू शकत नाही. जाड झालेल्या, पिवळ्या पडलेल्या नखाबाबत तर विशेष सावध राहावे. अशा नखांपैकी जवळपास निम्म्यांत बुरशी नसते. जुना मार, घट्ट बूट किंवा सोरायसिस यांमुळेही नख तसेच दिसते.

शंका असेल तर तपासणी सोपी आहे. चट्ट्याच्या कडेवरून बोथट पात्याने थोडे पापुद्रे खरवडून घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि पेशी विरघळल्यावर उरलेले बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसतात. नमुना मधल्या निवळलेल्या भागातून घेतला, किंवा आदल्या दिवसापर्यंत मलम लावलेले असले, तर बुरशी असूनही ती दिसत नाही. म्हणून शक्य असेल तर तपासणीपूर्वी आठवडाभर मलम बंद ठेवावे. नखांच्या बाबतीत, महिनोन्महिने गोळ्या सुरू करण्यापूर्वी ही तपासणी झालीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

औषध बुरशीला कसे मारते

जिवाणूंवरची प्रतिजैविके बुरशीवर चालत नाहीत, कारण बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीशी अधिक मिळतीजुळती असते. हे साम्यच उपचारातली मोठी अडचण आहे: बुरशीला मारेल आणि आपल्या पेशीला सोडेल असे लक्ष्य शोधावे लागते. असे मुख्य लक्ष्य म्हणजे एर्गोस्टेरॉल. आपल्या पेशींच्या पटलात कोलेस्टेरॉल असते, तर बुरशीच्या पटलात त्या जागी एर्गोस्टेरॉल असते, आणि बहुतेक औषधे याच पदार्थावर घाला घालतात.

क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल, किटोकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल हा अ‍ॅझोल गट एर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतली एक पायरी अडवतो. टर्बिनाफीन त्याच साखळीतली त्याहून आधीची पायरी अडवते. त्यामुळे एर्गोस्टेरॉल घटते आणि अर्धवट राहिलेला स्क्वालीन नावाचा पदार्थ पेशीत साचून तिला मारतो. गजकर्णाच्या बुरशीचा टर्बिनाफीन नुसता वाढीला आळा न घालता थेट नाश करते, ते यामुळेच. मात्र तोंडातल्या आणि योनीमार्गातल्या कॅन्डिडा या वेगळ्या बुरशीवर तिचा भरवसा धरता येत नाही. निस्टॅटिन आणि अ‍ॅम्फोटेरिसिन बी ही औषधे तयार झालेल्या एर्गोस्टेरॉललाच चिकटून पटल खिळखिळे करतात. ग्रिसिओफुल्विन पेशीविभाजनाची यंत्रणा बिघडवते आणि नव्याने तयार होणाऱ्या केराटिनमध्ये जाऊन बसते. ज्या औषधाचे नाव चिठ्ठीवर आहे ते यांतल्या कोणत्या गटातले, एवढे माहीत असले तरी एकाच गटाची दोन मलमे आलटून पालटून लावण्याची चूक टळते.

मलम लावण्याची रीत

अंगावर एक-दोन ठिकाणी चट्टे असतील, टाळू आणि नखे सुटलेली असतील, तर मलम पुरेसे होते. आंघोळीनंतर जागा कोरडी करावी. टॉवेलने घासू नये, टिपून घ्यावे आणि जांघेसारख्या घडीच्या जागी दोन-चार मिनिटे हवा लागू द्यावी, कारण ओलसर कातडीवर मलमाचा थर बसत नाही आणि कोंडलेला ओलावा बुरशीच्याच पथ्यावर पडतो. मग तर्जनीच्या टोकाच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, मलमाची एक रेघ काढावी. ही रेघ साधारण अर्ध्या ग्रॅमची असते आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांइतक्या जागेला पुरते. आता चट्ट्याच्या मध्यावर मलम थापायचे नाही. कडेच्या बाहेर जवळपास दोन सेंटिमीटर, जिथे कातडी अगदी निरोगी दिसते तिथून सुरुवात करावी आणि गोल फिरवत आत यावे. बाहेरच्या त्या पट्ट्यात बुरशी डोळ्यांना दिसण्याआधीच पोचलेली असते, आणि आतून बाहेर चोळत गेल्यास ती आपल्याच बोटाने पुढे सरकते. थर पातळ हवा. पांढरेपणा उरेल इतके मलम वाया जाते. नंतर हात साबणाने धुवावेत.

क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावावे लागते. ल्युलिकोनॅझोल दिवसातून एकदा पुरते. टर्बिनाफीनचा एक टक्क्याचा मलम एकदा किंवा दोनदा, आणि त्याला बहुधा कमी दिवस लागतात. औषध कोणतेही असो, चट्टा दिसेनासा झाल्यावर आणखी एक ते दोन आठवडे लावत राहणे हा नियम पाळावा. ज्या दिवशी कातडी साफ दिसली ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि तिथून चौदा दिवस मोजावेत. अंदाजाने मोजलेले दोन आठवडे नेहमी आठ दिवसांचेच भरतात.

पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतील तर बेचके कोरडे राखणे हा निम्मा उपचार समजावा. जांघेत गजकर्ण असेल तर पायांकडे हमखास पाहावे. तळव्यावरची बुरशी आतले कपडे चढवताना पायांवरून जांघेत येते, आणि पायांवर उपचार न करता नुसत्या जांघेवर मलम लावणारा माणूस वर्षभर मलमच लावत राहतो. दोन्ही जागी एकाच वेळी उपचार करावेत आणि ते संपेपर्यंत मोजे आधी घालून मगच आतले कपडे चढवावेत. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा, अंगाला लागलेले कपडे रोज बदलावेत, ते शक्यतो साठ अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावेत. घरात आणखी कोणाला चट्टे असतील तर त्यांचेही उपचार त्याच काळात व्हायला हवेत.

स्टेरॉइड मिसळलेली मलमे

या विषयावर थोडे थांबणे भाग आहे, कारण साध्या गजकर्णाचा चिवट आजार बनतो तो बहुतांशी इथे. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांसारखे स्टेरॉइड आणि बुरशीचे औषध, कधी वर एखादे प्रतिजैविकही, अशी सरमिसळ असलेल्या ट्यूब सहज हाती पडतात. पहिल्याच दिवशी खाज थांबते, आणि रुग्णाला हेच खरे औषध वाटते. प्रत्यक्षात स्टेरॉइड शरीराची प्रतिक्रिया दाबून टाकते. लाली आणि खाज जाते, पण पहारा उठवल्यासारखी बुरशी मोकळेपणी पसरते. काही आठवड्यांनी चट्ट्याची ओळखीची रेखीव कड नाहीशी होते, वर्तुळात वर्तुळे दिसू लागतात, आणि अनुभवी डॉक्टरलाही तो लगेच ओळखू येत नाही. जांघ आणि काखेसारख्या नाजूक जागी कातडी पातळ होऊन लांब, कायमचे पट्टे उमटतात. ट्यूबवरची घटकद्रव्यांची बारीक अक्षरे वाचावीत आणि वरील नावांपैकी एखादे दिसले तर ती स्वतःच्या मनाने गजकर्णावर लावू नये. आधीच अनेक आठवडे लावली असेल तर ती कशी बंद करायची हे डॉक्टरांना विचारावे, कारण अचानक थांबवल्यावर काही दिवस खाज उसळते आणि माणूस पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो.

गोळ्या केव्हा आणि कशा

चट्टे अंगभर पसरलेले असतील, मलमाचा पूर्ण कोर्स होऊनही आजार परतला असेल, तळव्याची कातडी जाड होऊन सोलत असेल, किंवा बुरशी टाळूवर अथवा नखांत असेल, तर पोटातून औषध घ्यावे लागते. या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या असतात. पुढचे आकडे दिले आहेत ते लिहून मिळालेला उपचार समजावा आणि अर्धवट सुटू नये यासाठी.

टर्बिनाफीनचा प्रौढांचा नेहमीचा डोस रोज 250 मिलिग्रॅमची एक गोळी असा असतो: अंगावरच्या व जांघेतल्या गजकर्णासाठी दोन ते चार आठवडे, हाताच्या नखांसाठी सहा आठवडे आणि पायाच्या नखांसाठी बारा आठवडे. यकृताचा आजार असलेल्यांना ती टाळतात, आणि लांबचा कोर्स असेल तर आधी रक्तातली यकृताची तपासणी करून घेतात. भूक मरणे, सतत मळमळ, गडद लघवी, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काहीही आढळले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. काहींची तोंडाची चव जाते; औषध थांबवल्यावर ती बहुधा परत येते, पण त्याला आठवडे, क्वचित महिनेही लागतात.

इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलला जठरातले आम्ल लागते, म्हणून ती पोटभर जेवणानंतर लगेच घ्यावी. आम्लपित्तासाठी ओमेप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर हे औषध नीट शोषले जात नाही आणि पूर्ण कोर्स वाया जाऊ शकतो. जठरातले आम्ल मारणारे पातळ औषधही कॅप्सूलनंतर निदान दोन तास घेऊ नये. याच औषधाचे द्रावण मात्र रिकाम्या पोटी घ्यायचे असते, त्यामुळे कॅप्सूलचा नियम द्रावणाला लावू नये. हृदयाची पंप करण्याची शक्ती कमी झालेल्या रुग्णांना नखांच्या किंवा त्वचेच्या बुरशीसाठी इट्राकोनॅझोल देत नाहीत.

अ‍ॅझोल गटातल्या गोळ्या यकृतातली ती यंत्रणा मंदावतात, जी इतर अनेक औषधांचा निचरा करते. इट्राकोनॅझोलसोबत कोलेस्टेरॉल कमी करणारे सिम्व्हास्टॅटिन घेतल्यास स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. फ्लुकोनॅझोल हे वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढवून रक्तस्रावाचा धोका निर्माण करते, आणि मधुमेहावरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा जोर वाढवून साखर उतरवते. तोंडात लावायच्या मायकोनॅझोलच्या जेलमुळेही वॉरफरिन घेणाऱ्यांत रक्तस्राव होऊ शकतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्यामुळे नेहमी चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना आधीच द्यावी. गरोदरपणात गजकर्णासाठी या गोळ्या टाळतात. क्लोट्रिमॅझोलसारखे मलम त्या काळात चालते. ग्रिसिओफुल्विन घेणाऱ्या पुरुषांनीही औषध संपल्यावर सहा महिने अपत्यासाठी प्रयत्न करू नयेत.

मुलांच्या टाळूवर गोल चकत्या पडून केस मुळाशी तुटलेले दिसले तर तिला चाई समजून वेळ दवडू नये. चाईत कातडी गुळगुळीत असते. बुरशीत ती खपलीदार असते आणि तुटक्या केसांचे खुंट दिसतात. बुरशी इथे केसाच्या आत असल्याने मलम तिथवर पोचत नाही आणि गोळ्याच द्याव्या लागतात. मांजर-कुत्र्यांकडून येणाऱ्या मायक्रोस्पोरम या बुरशीवर ग्रिसिओफुल्विन अधिक गुणकारी ठरते, तर ट्रायकोफायटॉन या दुसऱ्या बुरशीवर टर्बिनाफीन. म्हणूनच तपासणी महत्त्वाची. ग्रिसिओफुल्विन 1939 मध्ये सापडले, पण ते माणसांत गोळी म्हणून रूढ झाले 1950 च्या दशकाच्या अखेरीस. तोपर्यंत अशा मुलांचे केस क्ष-किरणांनी झडवले जात असत. हे औषध स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत चांगले शोषले जाते.

नखे: धीराचे काम

पायाच्या अंगठ्याचे नख महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास वाढते, त्यामुळे औषधाने बुरशी मेली तरी खराब नख वाढून कापले जाईपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाते. बारा आठवड्यांनी गोळ्या संपतात तेव्हा नखाचा बहुतेक भाग अजून कुरूपच असतो, आणि औषध लागू पडले नाही असे वाटून रुग्ण निराश होतो. प्रत्यक्षात औषध नखात पुढे अनेक आठवडे टिकून राहते. प्रगती मोजायची एक साधी युक्ती आहे. उपचार सुरू करताना निरोगी आणि खराब नखाच्या सीमेवर कानशीने एक बारीक आडवी खाच पाडावी, अगदी वरवरची. महिन्याभराने ती पाहावी. खाच पुढे सरकली असेल आणि तिच्या मागे येणारे नख गुलाबी, पारदर्शक असेल तर उपचार चालला आहे. पिवळेपणा खाचेच्या मागे, मुळाच्या दिशेने सरकलेला दिसला तर डॉक्टरांकडे परत जावे. नखाचा फक्त टोकाकडचा भाग बिघडला असेल तर अमोरोल्फीनचा लेप आठवड्यातून एक-दोनदा लावणे पुरू शकते, पण त्याआधी नख कानशीने पातळ करावे लागते आणि उपचार सहा ते बारा महिने चालतो. आजारी नखाची कानस निरोगी नखाला लावू नये.

तोंड, योनीमार्ग आणि शिबे

कॅन्डिडा ही यीस्ट आपल्या शरीरात एरवीही असते. तिने उचल खाल्ली तर तिला वाव का मिळाला हे शोधावे लागते. तोंडात पुसल्या जाणाऱ्या पांढऱ्या साया दिसत असतील तर निस्टॅटिनचे द्रावण दिवसातून चार वेळा देतात. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन संशोधक महिलांनी 1950 मध्ये जगापुढे आणलेले हे औषध आतड्यातून जवळपास शोषलेच जात नाही, म्हणून ते जिथे टेकेल तिथेच काम करते: लगेच गिळू नये, तोंडात शक्य तितका वेळ घोळवावे आणि नंतर काही वेळ खाऊ-पिऊ नये. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चूळ भरावी, आणि कवळी वापरणाऱ्यांनी ती रात्री काढून स्वच्छ करावी.

योनीमार्गात तीव्र खाज आणि दह्यासारखा, वास नसलेला घट्ट स्राव असेल तर फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅमची एकच गोळी किंवा क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी देतात. गरोदरपणात सात दिवस क्लोट्रिमॅझोलच वापरतात. पहिल्यांदाच असे होत असेल, किंवा ओटीपोटात दुखणे, ताप, दुर्गंधी असेल, तर तपासणीशिवाय उपचार करू नये. वर्षात चार वा अधिक वेळा हा त्रास झाला तर रक्तातली साखर तपासावी; मधुमेहासाठी घेतली जाणारी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे लघवीतून साखर बाहेर टाकतात आणि त्यामुळेही हा संसर्ग वाढतो.

छातीपाठीवरच्या फिकट वा तपकिरी शिब्यांना किटोकोनॅझोलचा दोन टक्क्यांचा शाम्पू पुरतो. तो अंगावर काही मिनिटे ठेवून धुवावा, असे रोज एकदा, पाच दिवसांपर्यंत. टर्बिनाफीनची गोळी इथे उपयोगी पडत नाही. बुरशी गेल्यावरही फिकट डाग महिनोन्महिने राहतात; नखाने हलके खरवडल्यावर पिठासारखा कोंडा निघाला नाही तर तो उरलेला केवळ रंगाचा फरक आहे, आणि त्यावर आणखी औषध ओतण्याची गरज नाही.

औषध लागू पडत नसेल तर

प्रथम दिवस मोजावेत, मग लावण्याची रीत तपासावी, मग घरातले इतर चट्टे. हे सारे नीट असूनही गजकर्ण हटत नसेल तर औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीचा विचार करावा लागतो. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव 2020 मध्ये मिळालेली जाती आता अनेक देशांत आढळते. टर्बिनाफीन ज्या एन्झाइमला अडवते त्याच्या जनुकातच हिच्या अनेक वाणांत बदल झालेला असतो, त्यामुळे टर्बिनाफीनचा डोस वाढवत नेण्यात फारसा अर्थ उरत नाही. बहुतेकदा इट्राकोनॅझोल द्यावे लागते, आणि तेही नेहमीपेक्षा अधिक आठवडे. अशा वेळी कल्चर करून, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून, तिची जात ओळखणे योग्य ठरते.

शरीराच्या आत शिरलेली बुरशी हा वेगळाच, तातडीचा विषय आहे. मधुमेह आटोक्यात नसलेल्या, अवयवरोपण झालेल्या, कर्करोगाचे उपचार किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाचा चेहरा एका बाजूने दुखू वा सुजू लागला, नाकातून काळपट स्राव आला किंवा एकाएकी दोन-दोन दिसू लागले, तर ती म्युकरमायकोसिस असू शकते. तिच्यावर फ्लुकोनॅझोल चालत नाही. शिरेतून अ‍ॅम्फोटेरिसिन बी आणि सोबत शस्त्रक्रिया लागते. इथे तासातासाला किंमत असते, म्हणून दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

त्वचेच्या रेंगाळलेल्या आजारासाठी डॉक्टरांकडे जाताना आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटे, रिकामी झालेली सुद्धा, एका पिशवीत घालून न्यावीत. प्रत्येकावर सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख आठवेल तशी लिहावी, आणि चट्टा मलम लावण्यापूर्वी कसा दिसत होता याचे छायाचित्र असेल तर तेही दाखवावे.